मत द्यावे दुसऱ्या उन्हाळ्यानंतर

नवी रोड बाइक बाजारात उतरली की पंधरवड्याच्या आत तिच्याविषयीची मते तयार असतात. फ्रेम किती ग्रॅमने हलकी झाली, मागे अकरा गिअर की बारा, केबल उघड्यावर की हँडलबारमधून आत नेलेल्या, यांवर हिरिरीने चर्चा होते आणि तिच्या जोरावर लाख-दीड लाखाचे व्यवहार ठरतात. या मतांमागे अभ्यास असतो, मनापासूनची आवडही असते; पण बहुतेकदा ती परक्या रस्त्यावर घडलेली असतात. युरोपातल्या गुळगुळीत डांबरावर, सुटे भाग आणि मेकॅनिक घेऊन मागून मोटार येणाऱ्या संघासाठी जे खरे, ते मालेगाव परिसरातल्या कसमादे पट्ट्यातल्या सायकलस्वारालाही खरे असणार, असे आपण धरून चालतो. आमचा आग्रह असा, की कोणत्याही साहित्याला दोनच प्रश्न आधी विचारावेत. इथल्या रस्त्यावर आणि उन्हात ते टिकते का? आणि बिघडले तर इथे दुरुस्त होते का?

मालेगावहून धुळे जेमतेम ५० किलोमीटर, नाशिक शंभराहून थोडे जास्त. एका बाजूला झोडगे आणि लळिंग, दुसऱ्या बाजूला सौंदाणे, उमराणे, राहुड घाट आणि चांदवड. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर वाळू, काचा आणि फुटलेल्या ट्रक-टायरच्या बारीक तारा. आतल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि उघडी पडलेली खडी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या घरात. इथे टायरचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. एके काळी २३ मिलिमीटरचा टायर ११०-१२० पीएसआयवर पळवणे हेच शहाणपण मानले जाई. खडबडीत रस्त्यावर इतका कडक टायर प्रत्येक खड्यावरून सायकलीला आणि स्वाराला उचलतो, आणि त्या हादऱ्यांत पायांची ताकद वाया जाते. २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर ६० ते ८० पीएसआयवर तोच खडा पोटात घेतो. ही सुधारणा इथल्या रस्त्यांना चपखल बसते आणि तिचे मनमोकळे स्वागत केले पाहिजे. तिच्या मागोमाग आलेल्या हुकलेस रिमबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. टायरची कड अडकवणारा आतला ओठच नसल्याने या रिमला ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयची कमाल मर्यादा असते. पहाटे २५ अंशांना ७० पीएसआय भरलेली हवा उन्हात ४५ अंशांपर्यंत तापली तर दाब ७५ च्या वर जातो. वायूच्या नियमाचे हे साधे गणित आहे. उत्पादक सुरक्षेसाठी काही सूट ठेवतात हे खरे, पण महामार्गावर ट्रकच्या कॉम्प्रेसरने अंदाजे हवा मारून घेतली तर ती सूट कितीशी पुरणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीत व्यावसायिक सायकलपटू टॉमस डी गेंटचा टायर हुकलेस रिमवरून निसटला आणि या रिमच्या सुरक्षिततेवर जगभर वाद झाला. व्यावसायिक संघाच्या देखरेखीतही जो प्रश्न उभा राहतो, तो आपल्याकडे सौम्य होत नाही.

वजनाचा मोहही असाच तपासून घ्यावा. स्वार ७० किलो आणि सायकल, पाणी, अवजारे मिळून १० किलो धरले, तर सायकल एका किलोने हलकी झाल्याने एकूण ओझे सव्वा टक्क्याने घटते. अर्ध्या तासाच्या चढावर त्याचा फायदा वीस-बावीस सेकंदांचा. सपाटीवर तो जवळपास जाणवतही नाही. सपाटीवर झुंज असते ती हवेशी, आणि त्या अडथळ्याचा साधारण तीन-चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. म्हणजे योग्य मापाची फ्रेम, नेमकी सीटची उंची आणि तासन् तास टिकवता येईल अशी बैठक यांतून जे मिळते, ते महागड्या कार्बन चाकांतून सहसा मिळत नाही.

दुरुस्तीचे मोल मालेगावला शिकवावे लागत नाही. इथले साधे यंत्रमाग जुने असूनही चालतात, कारण त्यांचे सुटे भाग गावातच मिळतात आणि माग बंद पडला की तो दुरुस्त करणारा जॉबर लगेच हाताशी असतो. सायकलच्या ग्रुपसेटकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. शिमानोने २०२२ मध्ये १०५ हा गट बॅटरीवर चालणाऱ्या स्वरूपात आणला. पुढच्याच वर्षी त्याच दर्जाचा केबलवरचा बारा गिअरचा गटही दिला. साध्या केबलची मागणी संपलेली नाही, हे यावरून दिसते. प्रेसफिट बीबीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) करकरीला कंटाळलेल्या स्वारांचे ऐकून स्पेशलाइझ्डने २०२० च्या टारमॅकमध्ये पुन्हा आट्यांची बीबी बसवली. आणि २०२३ मध्ये शिमानोला अल्टेग्रा व ड्युरा-एसचे चिकटवून जोडलेले जुने क्रँक तपासणीसाठी परत मागवावे लागले; एकट्या अमेरिका आणि कॅनडातच त्यांची संख्या साडेसात लाखांहून अधिक होती. ते क्रँक २०१२ ते २०१९ या काळात बनलेले. नवेपणी त्यांच्याविषयी दिल्या गेलेल्या कोणत्याही मतात हा दोष दिसणे शक्य नव्हते. काही दोष वर्षे गेल्यावरच वर येतात, म्हणून मत निदान दुसऱ्या उन्हाळ्यानंतर द्यावे.

यावर पहिला आक्षेप असा, की ही भूमिका नव्याच्या विरोधात जाते. तसे नाही. डिस्क ब्रेकचेच पाहा. २०१६ मध्ये व्यावसायिक शर्यतींतली त्यांची चाचणी थांबवली गेली होती आणि २०१८ मध्ये त्यांना पूर्ण परवानगी मिळाली. घाटातल्या उतारावर, पावसात, मातीने माखलेल्या रिमवर रबराचे ब्रेक कसे दगा देतात हे इथल्या स्वारांना ठाऊक आहे. शिवाय रुंद टायर जुन्या कॅलिपरमध्ये मावत नाहीत. म्हणून डिस्क ब्रेक घ्यावेतच. फक्त त्यासोबत तेल बदलण्याचे किट आणि ते वापरता येणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी हवा, शिमानोला मिनरल ऑइल आणि स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट फ्लुइड लागते हे दुकानदाराला माहीत हवे.

दुसरा आक्षेप स्पर्धकांचा, आणि तो वजनदार आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. ती उत्तम साहित्याशिवाय झाली असती का? नसती. पण त्या शर्यतीत स्वारासोबत मदतनीसांचे पथक आणि वाहने असतात. आपल्यातले बहुतेक जण ज्या ब्रेव्हेमध्ये उतरतात, तिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात, आणि बाहेरची मदत फक्त नियंत्रण केंद्रांवरच घेता येते. मधल्या अंतरात रात्री दोन वाजता हँगर वाकला तर स्वतःचे हात आणि पिशवीतले सामान एवढेच कामी येते. तिथे दुरुस्तीची सोय हाच वेगाचा भाग ठरतो.

तिसरा आक्षेप दुकानदारांचा : दोन वर्षे थांबून मत दिले तर तोवर मॉडेलच बदलते. रंग आणि नाव बदलते; ग्रुपसेटची एक पिढी मात्र साधारण तीन-चार वर्षे चालते, आणि बीबी, रिम, ब्रेक यांचे प्रकार त्याहून जास्त. म्हणून जुन्या सायकलवरचे मोजून दिलेले मत नव्या गिऱ्हाइकाच्या नक्की उपयोगी पडते. मोजायला महाग उपकरण लागत नाही. नव्या चेनच्या चोवीस जोडांची लांबी पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरते. फूटपट्टीवर ती एक-सोळांश इंचाने वाढली की अकरा-बारा गिअरची चेन बदलायची, नाहीतर ती कॅसेटही खाते. किती किलोमीटरला ही वेळ आली, सीलंट किती महिन्यांत सुकले, कोणता भाग मालेगावात मिळाला आणि कोणत्यासाठी नाशिक किंवा मुंबई गाठावी लागली, एवढ्या नोंदी स्वाराने आणि मेकॅनिकने ठेवाव्यात. स्वतःचे वजन, हवेचा दाब आणि रस्ता यांचा उल्लेख नसलेले मत या मासिकाने यापुढे परीक्षण म्हणून छापू नये, असे आम्ही ठरवले आहे. कंपन्या आपल्या रस्त्यांसाठी सायकली बनवत नाहीत ही तक्रार रास्तच आहे. पण त्या रस्त्यांवर काय टिकते याचा लेखी पुरावा आपणच गोळा केला नाही, तर त्यांनी ऐकावे तरी कशाच्या आधारावर?