साप चावला तर कोणाचें ऐकावें?

पावसाळा लागला कीं आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत शेताचीं कामें आणि सर्पदंश हीं दोन्हीं बरोबरच सुरू होतात. जांभ्याच्या गडग्यांत, पातेऱ्यांत, गवताच्या भाऱ्यांत हात घालणारा कोण? कुळवाडी, त्याची कारभारीण, गुराखी पोर, चिरेखाणीवरचा मजूर. फुरसें चावतें तें ह्यांनाच; दिवाणखान्यांत बसणाराला नव्हे. घरोघर विचारपूस करून शास्त्रज्ञांनीं काढलेल्या अंदाजाप्रमाणें २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लाख माणसें सर्पदंशानें मेलीं. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं. एवढीं माणसें शहरांत मेलीं असतीं, तर रोज पहिल्या पानावर मथळे झळकले असते.

आम्ही शाळेंत मुलांस विचारतों, साप चावल्यावर काय कराल? मुलें चटकन् सांगतात: वर घट्ट बांधूं, चीर देऊं, तोंडानें विष ओढूं. हें त्यांना पुस्तकानें शिकविलें नाहीं, पडद्यानें शिकविलें. पडद्यावर नायक विष ओढून थुंकतो आणि रोगी उठून बसतो. बसेल नाहीं तर काय! त्याला त्याचाच पगार मिळालेला असतो. प्रत्यक्षांत फुरशाच्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति जाते. अशा वेळीं चीर देणें म्हणजे रक्ताची धार मोकळी करणें. घट्ट बांधल्यानें हातपाय सडण्याचें भय, आणि तोंडानें ओढून अंगांत गेलेलें विष बाहेर येत नाहीं.

आतां त्यांत हातांतल्या मोबाईलची भर पडली आहे. अमुक मुळी उगाळा, अमुक खडा लावा, तमक्या मांत्रिकानें मेलेला उठविला, असे निरोप विजेच्या वेगानें फिरतात. लोक त्यांवर विश्वास ठेवतात ते मूर्ख म्हणून नव्हे. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत; आणि विषारी साप चावला तरी दर वेळीं विष अंगांत सोडतोच असें नाहीं. धामण किंवा दिवड चावलेला माणूस मांत्रिकाच्या दारीं गेला काय, न गेला काय, जगणारच! पण जगला तो आठवड्याच्या बाजारांत मांत्रिकाचा महिमा सांगत फिरतो. मेलेला सांगायला येत नाहीं. वर्तमानपत्र पहिल्याची गोष्ट छापतें, दुसऱ्याचें नांवही छापत नाहीं. खोटें एक अक्षर न लिहितां लोकांची दिशाभूल होते ती अशी.

शास्त्राची रीत निराळी. विंचवाचें उदाहरण घ्या. शेजारच्या रायगड जिल्ह्यांत महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर हे शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले डॉक्टर आले, तेव्हां लाल विंचू चावून आलेलीं मुलें डोळ्यांदेखत मरत. ते रोग्याच्या उशाशीं बसले. नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवूं लागले. जगला त्याची नोंद आणि मेला त्याचीही नोंद. हृदय दुबळें होऊन फुप्फुसांत पाणी होतें हें त्यांनीं ओळखलें, आणि रक्तदाबावरचें प्राझोसिन हें औषध देऊं लागले. मरणांचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. विलायतेच्या ‘लॅन्सेट’ पत्रानें १९८२ सालीं त्यांचें लिखाण छापलें; २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. विद्या कोणा एका जातीच्या पोथींत बांधलेली नाहीं. जो मोजतो, टिपतो, पडताळतो त्याची ती आहे.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. साप चावला तर रोग्यास धीर द्या, चालवूं नका. मोडलेल्या हाडासारखा तो हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. अंगठ्या, बांगड्या काढा. सापामागें धांवूं नका. थेट सरकारी दवाखाना गांठा. मण्यार रात्रीं भुईवर निजलेल्यास चावते आणि खूण सांपडत नाहीं. पोटांत कळ आली, पापण्या जड झाल्या, तर तेव्हांही निघा. दवाखान्यांत थोडें रक्त कोरड्या कांचेच्या नळींत २० मिनिटें न हलवितां ठेवतात. तें गोठलें नाहीं तर विष भिनलें असें समजतात. घोड्याच्या रक्तापासून केलेली प्रतिविषाची लस हाच त्यावर उपाय. दुसरा मंत्र नाहीं.

आणि पत्रांचें कर्तव्य काय? १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ काढला तो कष्टकऱ्यांचीं गाऱ्हाणीं वेशीवर टांगण्यासाठीं. चमत्कार विकण्यासाठीं नव्हे. मांत्रिकाचा फोटो छापण्यापूर्वीं पत्रकारानें आरोग्य केंद्रांत जाऊन विचारावें: लशीच्या कुप्या किती आहेत? रात्रीं डॉक्टर असतो काय? गाडी आहे काय? ज्या गांवीं ह्या प्रश्नांना ‘नाहीं’ हें उत्तर मिळतें, त्या गांवीं मांत्रिकाचें दुकान चालतें. आणि त्या ‘नाहीं’ची बातमी दडते ती चमत्काराच्या बातमीखालीं.

बंधुभगिनींनो, पुढच्या वेळीं औषधाचा निरोप हातीं आला, तर घरांतल्या शिकत्या मुलीस तो मोठ्यानें वाचावयास सांगा आणि तिघे मिळून विचारा: हें सांगणारा कोण? ह्यांत त्याचा फायदा काय? हें औषध घेतलेल्यांपैकीं मेले किती, हें त्यानें सांगितलें आहे काय? उत्तर मिळालें नाहीं तर तो निरोप पुढें धाडूं नका. तुमच्या बोटानें पुढें गेलेला एक निरोप कोणाच्या तरी लेकराचे दोन तास खाईल, आणि फुरशाच्या विषापुढें दोन तास फार मोठे आहेत.