पंचवीस मिनिटांत बदक?

अंधेरीतल्या एका चकचकीत हॉटेलात परवा मेन्यूवर ‘पेकिंग डक’ दिसलं. मागवलं, तर पंचवीस मिनिटांत टेबलावर हजर! सोया सॉसमध्ये न्हालेले लिबलिबीत तुकडे आणि खाली कोबी. बिल मात्र अस्सल. माझं म्हणणं एवढंच, की जे आदल्या दिवशी सांगावं लागत नाही, त्याला पेकिंग डक म्हणू नये.

बीजिंगच्या या पदार्थात खरा मान कातडीला. साफ केलेल्या बदकाच्या मानेतून हवा भरून कातडी मांसापासून सुटी करतात. वरून उकळतं पाणी ओततात, माल्टोजचा पाक लावतात आणि वाऱ्यावर टांगून ठेवतात. कातडी खडखडीत वाळल्याशिवाय भट्टीचं नाव काढायचं नाही. पोटात पाणी भरतात, म्हणजे बदक आतून वाफेवर शिजतं आणि बाहेरून भाजतं. १८६४ साली सुरू झालेल्या तिथल्या ‘च्वानजुदे’ हॉटेलाची ख्याती आकड्याला टांगून, फळझाडांच्या लाकडावर भाजलेल्या बदकाची. काप गिऱ्हाइकासमोर काढायचे. कुरकुरीत कातडी साखरेला लावून खायची. मांस पातळ पोळीत, कांद्याची पात, काकडी आणि गोडसर काळ्या सॉसबरोबर. हाडांचं सूप होतं.

आमच्या चायनीज गाड्यांना मी नावं ठेवत नाही. चायनीज भेळ चीनने पाहिलीही नसेल, पण लोकल पकडणाऱ्याला ती चालते. बदकाला ही घाई चालत नाही. आणि त्याला वेळ देणारी माणसं उपनगरातच आहेत की! गोराई-मनोरी, मरोळ-सहारच्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांमध्ये नाताळाला बदकाचं मोईल होतं. उन्हाळ्यात भाजून-कुटून बाटल्यांत ठासलेला बॉटल मसाला, भरपूर कांदा, आलं-लसूण, व्हिनेगर. बदक आपल्याच चरबीत मंद शिजतं. सोबत तळलेल्या गोल फुग्या. दुसऱ्या दिवशी ते जास्त चविष्ट लागतं.

अंधेरीच्या हॉटेलवाल्यांनी एक तर मेन्यूवर ‘एक दिवस आधी सांगा’ असं छापावं, नाहीतर सरळ मोईल ठेवावं. शिकायला फार लांब जायला नको. बोरिवलीहून गोराईची फेरी पकडली की झालं. फक्त वेळेत जावं. माझ्या ओळखीच्या मावशी डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की ऑर्डर घेत नाहीत. ‘‘शिजवीन रे,’’ म्हणतात, ‘‘पण पिसं काढायला कोण बसणार, तू?’’