प्रशिक्षकाची यादी

अमेरिकेतल्या आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांत खेळाची शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून तिथे खेळाला भाव नाही असं कुणी समजू नये. प्रशिक्षक हव्या त्या खेळाडूंची यादी प्रवेश कार्यालयाकडे देतो. शाळेतले गुण आणि परीक्षेचे निकाल मिळून होणारा ‘अकॅडेमिक इंडेक्स’ पुरेसा असला, तर इतर अर्जदार वाट पाहत असतानाच या मुलांना ‘लाइकली लेटर’ येतं, म्हणजे प्रवेश पक्काच. हार्वर्डच्या प्रवेशधोरणाविरुद्धच्या खटल्यातून बाहेर आलेला आकडा तर डोळे पांढरे करणारा आहे: अशा निवडक खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाला. इतरांत शंभरात पाच-सहांना.

या यादीत बास्केटबॉल आहे, तसंच स्क्वॉश, तलवारबाजी, रोइंग आणि शिडाच्या होड्याही आहेत. स्क्वॉश-तलवारबाजीसारखे खेळ कोणाच्या घरची मुलं खेळतात, हे सांगायला नको. मुंबईचे काही स्क्वॉशपटूही याच वाटेने गेले. त्यांच्या घामाबद्दल शंका नाही.

वाट इतकी मोकळी असली की चोर येणारच. २०१९ मध्ये पैसे घेऊन प्रवेश मिळवून देणाऱ्या रिक सिंगर या सल्लागाराचं प्रकरण फुटलं. कधीही न खेळलेली मुलं वॉटरपोलोपटू म्हणून दाखवली गेली होती. सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

त्याच हार्वर्ड खटल्यात २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातलं वंशाधारित प्राधान्य मोडीत काढलं. प्रशिक्षकाची यादी मात्र शाबूत राहिली. गुणवत्तेच्या नावाने शपथा घेणाऱ्या विद्यापीठांना हे शोभत नाही.