पाहुण्याला उभे करू नका

रविवारच्या उपासनेला बाके रिकामी दिसू लागली की मंडळीच्या कमिटीत एक उपाय हमखास पुढे येतो: स्वागताची यंत्रणा उभी करा. दारात दोन हसतमुख तरुण नेमा, नव्या माणसाच्या हातात कार्ड द्या, त्यावर नाव, पत्ता, मोबाइल नंबर लिहून घ्या, सूचनांच्या वेळी त्याला उभे करून टाळ्या वाजवा आणि आठवडा उलटायच्या आत त्याच्या घरी जाऊन या. परदेशी पुस्तिकांतून आणि मोठ्या शहरांतल्या शिबिरांतून निघालेला हा सल्ला आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. त्यामागची आस्था खरी आहे. पण २०११ च्या जनगणनेत बारा लाख लोकसंख्या नोंदवलेल्या ज्या भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे शेकड्याला अर्धासुद्धा भरत नाहीत, तिथे हा इलाज रोगापेक्षा भयंकर ठरतो. संख्या वाढावी म्हणून केलेले स्वागत पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते, आणि एकदा कळले की तो पुन्हा येत नाही. मंडळी वाढायला हवी असेल तर तिने पाहुण्याला मोजणे आधी बंद केले पाहिजे.

कार्डापासूनच सुरुवात करू. मुंबई-पुण्यात नाव विचारणे ही ओळखीची पहिली पायरी असेल. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर या गावांत ती जातीच्या चौकशीची पहिली पायरी असते. मेश्राम की रहांगडाले, रामटेके की कापगते, एवढे ऐकले की ऐकणाऱ्याच्या डोक्यातला उरलेला तक्ता आपोआप भरून निघतो. विचारणाऱ्याच्या मनात तसे काही नसेलही. पण ज्याने हा प्रश्न शाळेत, भाड्याची खोली शोधताना आणि लग्नाच्या पंगतीत आयुष्यभर झेलला आहे, त्याला देवाच्या घरातही पहिला प्रश्न तोच यावा, हे स्वागत म्हणता येईल का? दुसरी गोष्ट गावाच्या आकाराची. महानगरातल्या चर्चमध्ये नवखा माणूस गर्दीत हरवतो, म्हणून तिथे त्याला ओळख द्यावी लागते. छोट्या गावात हरवण्याची सोयच नसते. अमक्याचा मुलगा आज चर्चमध्ये दिसला ही बातमी दुपारच्या जेवणाआधी घरी पोचलेली असते. अशा माणसाला टाळ्यांपेक्षा थोडा आडोसा हवा असतो. मागच्या बाकावर बसून, कोणाच्या नजरेत न येता, शेवटच्या प्रार्थनेआधी उठून जाण्याची मुभा त्याला मिळाली, तर तो दुसऱ्यांदा येण्याचा संभव आहे. इथे झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि घरोघरी पाहुणे उतरतात. कोणते घर दारातच पाहुण्याकडून पुढच्या वर्षी येण्याचे लिहून घेते?

यंत्रणेचे समर्थक इथे मंडळीवाढीच्या शास्त्राचा हवाला देतात. त्या शास्त्राचा उगम मात्र त्यांनी नीट पाहिलेला दिसत नाही. त्याचे प्रवर्तक डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ साली दमोहला जन्मले आणि जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे भंडारा ज्या प्रांतात होता त्याच प्रांतात, मिशनरी म्हणून वावरले. मिशनच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत, माणसे त्यांचा लाभही घेतात, तरी मंडळ्या वाढत का नाहीत, हा प्रश्न त्यांना आपल्याकडच्याच आकड्यांनी घातला. १९५५ साली ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या पुस्तकात त्यांनी उत्तर दिले ते असे की श्रद्धा नात्यागोत्याच्या पुलांवरून जाते, संस्थांच्या फाटकातून जात नाही. आज दारातल्या स्वागतसमितीसाठी ज्याची साक्ष काढली जाते, त्याची मूळ साक्ष दाराच्या विरोधातच आहे. तेवढ्यापुरते मॅकगॅव्हरन बरोबर होते, हे मान्य करायला हरकत नाही.

त्यांचे पुढचे पाऊल मात्र नाकारलेच पाहिजे. माणसांना जात, भाषा किंवा वर्ग ओलांडावा न लागता ख्रिस्ती होणे आवडते, म्हणून एकजिनसी मंडळ्या लवकर वाढतात, असा त्यांचा सिद्धान्त. वर्णन म्हणून तो ठीक असेल; धोरण म्हणून तो शुभवर्तमानाचा पाया उखडणारा आहे, आणि विदर्भाचा इतिहास पाहता तो व्यवहारातही फसलेला आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले १८४५ साली. पुढे भंडाऱ्यातही स्कॉटिश मिशनचा दवाखाना निघाला. १९५४ साली डॉ. आंबेडकर याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात बौद्ध सुमारे तेरा टक्के होते. जातीचे जू झुगारायला निघालेला एवढा मोठा समाज मिशनच्या दवाखान्यावरून गेला आणि चर्चमध्ये वळला नाही, याची कारणे अनेक आहेत. भारतीय मातीतल्या धर्माची ओढ हे त्यांतले मोठे. पण ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी चर्चवर ठेवलेला आरोप विसरता येत नाही: धर्म बदलला तरी जात चर्चच्या आत शाबूत राहिली. ज्या मंडळीवर हा आरोप आहे तिने वाढीसाठी पुन्हा आपापल्या माणसांची वेगळी बाके मांडावीत, यासारखा उरफाटा सल्ला दुसरा नसेल. बेरजेच्या दृष्टीनेही तो चालत नाही. इथल्या मूठभर मंडळीचे जातवार आणि भाषावार भाग पाडले तर एका भागात पेटी वाजवणारा उरेल आणि दुसऱ्यात गाणारे.

न मोजण्याच्या भूमिकेवर सर्वांत गंभीर आक्षेप पवित्र शास्त्राचा आहे. प्रभूने सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करायला सांगितले. मोजू नका म्हणणारा माणूस ती आज्ञाच गुंडाळून ठेवत नाही काय? नाही. साक्ष देणे वेगळे आणि पाहुण्याला लक्ष्य करणे वेगळे. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू यजमानाला बजावतो की जे परतफेड करू शकतील त्यांना जेवायला बोलावू नकोस. पाहुण्याची हजेरी हीच आपली परतफेड मानणारी मंडळी या कसोटीला कशी उतरणार? याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्यांची हजेरी घेतली आहे. बँकेच्या मॅनेजरला पुढे नेऊन बसवणाऱ्या आणि धानाच्या बांधीतून आलेल्या बाईकडे न पाहणाऱ्या सेवकांनी तो भाग पुन्हा वाचावा. शिवाय या भूमीत या प्रश्नाला एक राजकीय बाजू आहे. भंडारा ज्या राज्यात होते त्या जुन्या मध्य प्रदेशच्या सरकारने १९५४ साली माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी लावली. शाळा, दवाखाने, अनाथालये ही धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात, असा ठपका १९५६ च्या अहवालाने ठेवला. चर्चने तो अमान्य केला, अहवालाच्या पद्धतीवरही टीका झाली, पण संशय राहिला तो राहिलाच. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. अशा वातावरणात नव्या माणसाचा मोबाइल नंबर घेऊन तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभे राहणे म्हणजे संशयाला आपल्या हाताने पुरावा देणे. आणि त्रास होतो तो पाळकसाहेबांपेक्षा त्या पाहुण्यालाच जास्त.

मग उलट टोकाचे लोक म्हणतात, दार लावूनच घ्या. अनोळखी माणूस कशासाठी आला आहे कोणी सांगावे? ही भीती आजच्या दिवसांत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण बंद दाराने संशय वाढतो. उघडे दार, बाहेरच्या फलकावर स्पष्ट मराठीत उपासनेची वेळ, छापील क्रम आणि कोणीही ऐकावे असा उपदेश हेच मंडळीचे खरे संरक्षण आहे. ज्याला तक्रारच करायची आहे त्याला बंद दारामागचे काहीही रचता येते. जिथे शेजारचा दुकानदारही अधूनमधून डोकावून गेला आहे, तिथे रचणे कठीण जाते.

इथवर खंडन झाले, आता मंडन. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल उपासनेला एक अजब कसोटी लावतो: बाहेरचा माणूस आत आला तर त्याला काय कळेल? सर्वजण न समजणाऱ्या भाषांत बोलत असाल तर तो तुम्हाला वेडे म्हणेल, असे तो सरळ सुनावतो. पाहुण्याचे स्वागत इथे दारात होत नाही, उपासनेच्या रचनेत होते. आपल्या उपासनेला ही कसोटी लावून पाहावी. ‘उपासना संगीता’तला गीताचा क्रमांक पुकारला जातो, पाहुण्याकडे पुस्तक नसते. सगळे उठतात, बसतात, पुन्हा उठतात. कधी आणि का, ते त्याला ठाऊक नसते. अर्पणाची थैली समोर येते तेव्हा पैसे न टाकणे अपमान ठरेल की काय, या विचाराने तो खिसा चाचपतो. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जातात आणि तो एकटा बाकावर उघडा पडतो. हे सगळे चार वाक्यांत सुटते. पाळकांनी प्रत्येक भागाआधी साध्या भाषेत सांगावे की आता काय होणार आहे, अर्पण सभासदांचे आहे, प्रभुभोजनाच्या वेळी बसून राहिले तरी चालते. ही वाक्ये दर रविवारी, पाहुणा असो वा नसो, सगळ्यांसाठी म्हणावीत. म्हणजे ती कोणाकडे बोट दाखवत नाहीत. विदर्भातल्या खेड्यांत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रुजली ती याच गुणावर: ठरलेली वेळ, सोपे शब्द, आणि बसणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू कोण. तिची नक्कल करा असे नाही. पण गावाला शिस्तीची सामुदायिक प्रार्थना परकी आहे, ही सबब तिच्यामुळे उरत नाही.

इथे भजन-कीर्तनाचा जुना वाद डोके वर काढतो. टाळ-मृदंग आणले की हिंदूपणा येईल, असे काही वडीलजन म्हणतात. तरुण म्हणतात, गिटार आणा, गर्दी होईल. नारायण वामन टिळक आणि कृष्णराव सांगळे यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभे केले, तेव्हा वडीलजनांच्या आक्षेपाचे उत्तर देऊन झाले आहे. पण टिळकांचे नाव घेतले म्हणजे भंडाऱ्यातले काम संपत नाही. त्यांची पदे झाडीबोलीत वाढलेल्या मुलाला आज जवळजवळ तितकीच दूर आहेत जितकी स्कॉटिश चाल. बौद्ध घरातून आलेल्या पाहुण्याला कीर्तनाचा थाट आपला वाटेलच, असेही नाही. टिळकांकडून घ्यायचे ते वाद्य किंवा वृत्त नव्हे. ऐकणाऱ्याच्या कानाला जे परिचित आहे त्यातून गाण्याचे धाडस घ्यायचे. झाडीबोलीत एखादे नवे गीत मंडळीतल्याच कोणी रचले तर ते गिटारपेक्षा जास्त काम करील.

टिळकांची स्वतःची गोष्टही दारातल्या स्वागताच्या विरोधात साक्ष देते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार दिला. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा तो लोहमार्ग भंडारा रोड आणि तुमसर रोडवरूनच जातो. त्या सहप्रवाशाने पाठपुरावा केला नाही. तो कोण होता तेही निश्चित कळलेले नाही. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये, जवळपास दोन वर्षांच्या वाचन-विचारानंतर. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षे लागली. मिशनच्या माणसांत राहूनही त्या सुरुवातीला सोवळेओवळे सांभाळत होत्या, आणि त्यांना कोणी घाई केली नाही. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे ठाऊक आहे. आठवड्याच्या आत कार्ड भरून घेणाऱ्यांच्या वहीत या दोन्ही नावांपुढे ‘प्रतिसाद नाही’ अशीच नोंद झाली असती.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे: एवढे करून संख्या कशी वाढणार, माणसे येणार कुठून? ती दूर नाहीत. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, वरठीच्या पोलाद कारखान्यात, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत बाहेरच्या राज्यांतून माणसे येतात. त्यांत कोणी ख्रिस्ती असेल तर मराठी उपासना त्याला कळत नाही आणि आपले पूर्वीचे चर्च इथे सापडत नाही. महिन्यातून एका रविवारी शास्त्रपाठ आणि एखादे गीत हिंदीतून ठेवायला कोणाची परवानगी लागते? उत्तर भारताचे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरलाच सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन स्थापन झाले. त्या मंडळीला दोन भाषा जड वाटू नयेत. दुसरा गट आपलाच, भांडून किंवा कंटाळून घरी बसलेल्यांचा. त्यांना कार्ड नको, कमिटीच्या निवडणुकीत झालेल्या अपमानाची भरपाई हवी आहे, आणि ती तरुण संघाच्या स्वागतसमितीला देता येणार नाही. ज्या वडीलजनांनी दुखावले त्यांनाच जावे लागेल. कुतूहलाने येणारा शेजारी या दोघांच्या मागून येतो, आणि तो आलाच तर बहुधा रविवारी नव्हे, कोणाच्या घरच्या मयताला किंवा नाताळच्या फराळाला प्रथम येतो. म्हणून वार्षिक अहवालातला ‘नवीन पाहुणे’ हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी मंडळीतल्या किती घरांत यंदा बिगरख्रिस्ती शेजारी जेवायला बसले, हे विचारावे. आकडा लिहायला कमिटीला अवघड जाईल, पण निदान चर्चा तरी योग्य माणसांकडे, म्हणजे स्वतःकडे, वळेल.