शहाण्णव टक्क्यांचा हिशेब

अमेरिकेच्या वायव्येस कोलंबिया नदी आहे, आणि तिला मिळणारी स्नेक. स्नेकच्या वरच्या अंगाला जन्मलेली सॅल्मन माशांची पिले वसंतात समुद्राकडे निघतात, तेव्हा वाटेत आठ जलविद्युत धरणे लागतात. टर्बाइनमध्ये कुणाला पाते लागते, कुणाचा वायुकोश दाब एकाएकी उतरल्याने फुटतो. सरळ उपाय म्हणजे पाणी सांडव्यावरून सोडणे. पण त्या पाण्याची वीज होत नाही, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

म्हणून शास्त्रज्ञ भाकीत करतात. पिलांच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूण घालून ती कुठल्या धरणावर कधी पोचली ते टिपतात. मागील वर्षांच्या नोंदींवरून यंदाची झुंड कधी येईल ते सांगतात. या विद्येशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते तिला कुणाच्या चाकरीला जुंपले जाते याच्याशी. मासे कधी येतील हे कळले की दार कधी उघडावे ते कळते. तसेच, किती लवकर लावून घेता येईल तेही कळते!

हा माझा तर्कटपणा नव्हे. २००४ साली ऑगस्टमध्ये मासे थोडेच उरतात, या सबबीवर काही धरणांचे सांडवे बंद करण्याचा सरकारी बेत होता. न्यायालयाने तो रोखला. थोडेच, म्हणजे काय? झुंड काही शाळेच्या घंटेवर येत नाही. एखाद्या वर्षी पाणी लवकर तापले, तर तगण्याची आशा लवकर निघालेल्यांत. दुसऱ्या वर्षी रेंगाळलेल्यांत. भाकिताच्या आलेखात किरकोळ दिसणारी ही दोन टोकेच वंशाची शिल्लक असतात.

२००८ च्या आराखड्यात वसंतातली ९६ टक्के पिले दर धरणावरून जिवंत उतरावीत असे उद्दिष्ट होते. उन्हाळी पिलांसाठी ९३. आमच्या शाळेत ९६ टक्क्यांना पेढे वाटतात. पण गुणाकार करा की राव! आठ धरणांनंतर शंभरातली ७२ उरतात; ९३ च्या हिशेबाने ५६. जलाशयात मरतात ती वेगळीच.

तिथल्या मूळ रहिवाशांनी १८५५ च्या करारांत जमीन सोडली, मासेमारीचा हक्क राखला. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने त्यांच्याशी नवा समझोता केला. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तो मोडला. भाकीत तेच, मासे तेच, सही तेवढी बदलली.

माझे म्हणणे एवढेच: भाकितात जेवढे दिवस शंकेचे, तेवढे दिवस सांडवा उघडा राहिला पाहिजे. बुडालेल्या विजेची किंमत काढता येते. ती वीज वापरणाऱ्यांच्या बिलात घाला.