मानसिक आरोग्यसेवा सर्वांसाठी. पण पोहोचते कोणापर्यंत?

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ साली सुरू झाले. ठाणे, येरवडा व नागपूर येथील रुग्णालयांबरोबर राज्यातील चार जुन्या शासकीय मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. ब्रिटिश अमदानीत अशा संस्थांना ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हटले जाई आणि अनेक ठिकाणी युरोपियन व एतद्देशीय रुग्णांची व्यवस्था वेगवेगळी असे. तो भेद आता इतिहासजमा झाला आहे. तथापि शासकीय योजना राबविताना सर्व समाजगटांना समान न्याय मिळतो काय, हा प्रश्न मात्र कायम आहे.

२०१८ च्या मे महिन्यात अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये या संदर्भात दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ३ सांगते की, एखादी व्यक्ती अमुक वंशाची, संस्कृतीची वा धर्माची आहे म्हणून तिला मनोरुग्ण ठरविता येणार नाही. कलम १८ उपचारांचा हक्क देते आणि लिंग, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व ‘किंवा अन्य कोणत्याही कारणावरून’ भेदभाव करण्यास मनाई करते. निदानाच्या कलमात वंशाचा स्पष्ट उल्लेख आहे. सेवेच्या कलमात मात्र वंश व भाषा हे शब्द नाहीत. ‘अन्य कारण’ या शब्दांत ते सामावतात हे खरे. पण ज्याचा नावाने उल्लेख नाही, त्याचा प्रशासनाला सहज विसर पडतो.

रत्नागिरी जिल्ह्यात हा विसर कोणाला भोवतो? आंब्याच्या बागांची राखण करणारे आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून राबणारे नेपाळी कामगार येथे मोठ्या संख्येने आहेत. घरापासून दूर, एकाकी आयुष्य जगणाऱ्या या माणसांना मानसिक त्रास झाला, तर तो सांगायचा कोणत्या भाषेत? तापाचे निदान रक्त तपासून होऊ शकते. मनाच्या आजाराचे निदान मुख्यत्वे संभाषणातून होते. दुभाषा नसेल तर उघडा दरवाजाही त्यांच्यासाठी बंदच ठरतो.

दुसरा गट कातकरी बांधवांचा. आदिम जमात म्हणून शासनाने त्यांची नोंद केली आहे. पावसाळा सरल्यावर कातकरी वाडीतील अनेक कुटुंबे वीटभट्टी व कोळशाच्या कामासाठी स्थलांतर करतात. मानसिक आजारांत औषधे महिनोन्‌महिने नियमित घ्यावी लागतात. फेरतपासणीची तारीख येते तेव्हा रुग्ण दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. मग ‘रुग्णाने उपचार सोडले’ अशी नोंद होते. वास्तविक उपचारांनीच रुग्णाला सोडलेले असते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून व जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून अस्तित्वात आहे. असे असूनही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. बारा राज्यांत झालेल्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकामुळे दूरध्वनीवरून अनेक भारतीय भाषांत सल्ला मिळू लागला, हे स्वागतार्ह आहे, परंतु भरती, औषधे व पुनर्वसन दूरध्वनीवर होत नाही.

इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांना मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल करण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या तिपटीहून अधिक आहे. वंशनिहाय नोंदी ठेवल्या म्हणूनच हे उघड झाले आणि २०२३ साली तेथील आरोग्यसेवेला वांशिक समतेसाठी कार्यचौकट आखावी लागली. आपणही जमात, मातृभाषा व स्थलांतर यांच्या नोंदी, रुग्णाची गुप्तता सांभाळून, ठेवल्या पाहिजेत.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. जिल्हा कार्यक्रमाला नेपाळी व कातकरी बोली जाणणारे सहायक मिळावेत. औषधाचे कार्ड कोणत्याही जिल्ह्यात ग्राह्य धरावे. बंदरावर व बागायतीत हंगामानुसार शिबिरे व्हावीत. निराधार व बेघरांना, तसेच दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना, त्यांच्याजवळ कार्ड नसले तरी, शासकीय संस्थेत मोफत उपचारांचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तो गावोगावी सांगितला जावा.

बागमालक, नौकामालक, शिक्षक, आशा सेविका आणि धार्मिक संस्था या सर्वांचा यात वाटा आहे. आपल्या दारी राबणारा परप्रांतीय अबोल झाला, झोपेनासा झाला, तर त्याला हिणवण्याऐवजी रुग्णालयापर्यंत सोबत करणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.