चला, कुठेच नाही!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी ठरलेला प्रश्न येतोच, 'मग, वीकेंडला कुठे?' कुणी लोणावळा सांगतं, कुणी अलिबाग, एखादी थेट गोवा. आणि कोपऱ्यातला एक जण हळूच म्हणतो, 'कुठेच नाही.' बाकीचे त्याच्याकडे असे बघतात, जणू त्याचं अप्रेझल वाईट गेलंय!

आमच्या वर्ध्याकडे मात्र हे उत्तर अगदी मानाचं आहे. रस्त्यात कुणी भेटलं की विचारतं, 'कुठी चालले?' आणि समोरचा सांगतो, 'कुठी नाही, असंच.' माणूस बँकेत चाललेला असतो, पोस्टात किंवा सासुरवाडीलाही चाललेला असू शकतो. सांगायचं नसतं, इतकंच.

तर, 'कुठेच नाही' हे ठिकाण नेमकं आहे तरी कुठे? शोध जुना आहे. सर थॉमस मोर यांनी १५१६ साली एका आदर्श बेटाची गोष्ट लिहिली आणि त्याचं नाव ठेवलं युटोपिया. ग्रीकमधून जुळवलेल्या या नावाचा अर्थच 'नसलेली जागा'. कॉम्प्युटरवाल्यांनी आणखी एक बेट काढलं, नल आयलंड. अक्षांश शून्य, रेखांश शून्य. डेटात पत्ता चुकला की नकाशातली खूण तिथे जाऊन पडते. प्रत्यक्षात तिथे बेटबिट काही नाही, आफ्रिकेच्या पश्चिमेचा नुसता समुद्र आहे. म्हणजे बुकिंग मिळणार नाही!

पण निराश होऊ नका. आपल्या महाराष्ट्रात एक 'कुठेच नाही' आहे, तिथे एक्स्प्रेस गाडी जाते, आणि एका माणसाने ते मुद्दाम शोधून काढलं होतं.

१९३० साली दांडीला निघताना गांधीजींनी ठरवलं, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमती आश्रमात परतायचं नाही. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे ते वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले. पण वर्धा म्हणजे तरी स्टेशनचं गाव, येणंजाणं फार. १९३६ च्या एप्रिलअखेर ते तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या सेगावला गेले. तिथे धड रस्ता नव्हता, पोस्ट नव्हतं, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात वर्ध्याचं ऊन. साप इतके, की ते धरायचा लाकडी चिमटा आणि ठेवायचा पिंजरा आजही आश्रमात बघायला मिळतो. (मारायचे नाहीत, दूर नेऊन सोडायचे, हा नियम.) विचार असा, की खेड्यात खेडुतासारखं एकट्याने राहायचं. आश्रम वगैरे काढायचा नव्हताच!

आणि मग गंमत झाली. 'कुठेच नाही'ला सगळेच यायला लागले.

आधी पत्रांचा घोटाळा. सेगावची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची. तेही रेल्वेवरचं, गजानन महाराजांचं प्रसिद्ध गाव, पोस्टमनचा तरी काय दोष? शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदललं : सेवाग्राम. मग फोन आला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून या मातीच्या झोपड्यांत टेलिफोन बसला. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर राहून गेला. वर्ध्याचा उन्हाळा त्याला इतका झोंबला, की त्याने टबात पाणी भरलं, आत खोकं ठेवून त्यावर बसला आणि समोर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवून काम केलं. वर्क फ्रॉम होमचे फोटो टाकणाऱ्यांनी आता गप्प बसावं! पुढच्याच महिन्यात, १४ जुलैला, वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर जे घडलं, त्याची तयारी इथली.

थोडक्यात, 'कुठेच नाही'ला जायचं तर एकट्यानं आणि गुपचूप जावं. गर्दी पोहोचली की ते 'कुठेतरी' होतं.

पण मला टोचते ती वेगळीच गोष्ट. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत वर्धा जिल्ह्याची मुलं-मुली खूप. 'गाव कुठलं?' विचारा. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी यांतलं एकही नाव पहिल्या झटक्यात येणार नाही. उत्तर येतं, 'नागपूरजवळ.' समोरच्याला कळत नाही, मग समजावत कोण बसणार? मीही हेच करते. म्हणजे जिथे आई-बाबा राहतात, कापसाला भाव नाही म्हणून काका जिथे झोप घालवतात, ते गाव आपणच नकाशावरून पुसतो. आता तर समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबई सलग ७०१ किलोमीटर खुला आहे. काच वर, एसी चालू, भर्रकन वर्धा मागे! गाडीतला कुणीतरी बाहेर बघून म्हणतो, 'इथे काहीच नाहीये ना.' अरे बाबा, ते शेत आहे. कुणाचं तरी आहे.

गांधीजींचं पत्र चुकीच्या गावी जायचं, तेव्हा पत्त्यावर 'नागपूरजवळ' लिहा असं कुणी म्हणालं नाही. गावालाच चुकणार नाही असं नाव दिलं.

तेव्हा पुढच्या लाँग वीकेंडला या. मुंबईहून सेवाग्राम एक्स्प्रेस आहे. बापू कुटीच्या मातीच्या भिंतींना पाठ लावा, गांधीजींनी लावलेल्या पिंपळाखाली संध्याकाळची प्रार्थना ऐका, पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात बसा, परतताना गोरसपाक बांधून घ्या. जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा पार्टीचा बेत आधीच बाद. हिवाळ्यात या, नाहीतर फिशरचा टब लागेल!

आणि सोमवारी कॉफी मशीनपाशी 'कुठे गेला होतात?' विचारलं, तर 'वर्ध्याला' असं सांगा. 'ते कुठे आलं?' हा प्रश्न येईलच. पाच मिनिटं काढा आणि सांगा.